वंशावळीत मूळ पुरुषावरून वाद लागलाय? आधी घरातले कागद काढा, पुण्याला नंतर जा

आधी आमच्या घरची, मग सासरची, मग ओळखीतल्यांच्या वंशावळी जुळवता जुळवता एक गोष्ट पक्की कळलीय. घराणं कुठलंही असो, वाद त्याच त्या चार-पाच कारणांनी होतो आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंचे लोक खरंच बोलत असतात, फक्त दोघं वेगवेगळ्या माणसाबद्दल बोलत असतात. कोणाला पैसे द्यायच्या आधी काय काय तपासायचं ते लिहितेय, सोपं आणि फुकटचं आधी, खर्चाचं शेवटी.

लक्षणं

खालीलपैकी दोन-तीन जरी जुळली तरी तुमचा प्रॉब्लेम हाच.

- एकाच आडनावाच्या दोन शाखा, दोघांचा मूळ पुरुष तोच, पण त्याला मुलं किती यावर एकमत नाही. एका कागदावर दोन मुलं, दुसऱ्यावर तीन, आणि तो तिसरा म्हणजे नेमका समोरच्यांचा खापरपणजोबा.
- एकाच माणसाला दोन बाप. शाळेच्या दाखल्यावर एक, जमिनीच्या कागदावर दुसरा.
- सालं मांडली तर बाप मुलापेक्षा आठ वर्षांनी मोठा निघतो.
- दोनशे वर्षांत चारच पिढ्या. किंवा उलट, बारा.
- घराण्याची गोष्ट "तीन भाऊ कोकणातून वर आले, एक इथे राहिला, एक खानदेशात गेला, एकाचा पत्ता नाही" अशी सुरू होते. ही गोष्ट मी इतक्या घरांत ऐकलीय की आता तिसऱ्या भावाची दया येते. तसंच पानिपतावर पडलेला एक पूर्वज जवळपास प्रत्येकाकडे असतो, कागद मात्र क्वचितच.

एक नियम आधीच सांगते. मूळ पुरुषापासून खाली यायचं नाही, स्वतःपासून वर जायचं. वाद वरच्या टोकाला दिसतो म्हणून सगळे तिथेच खणत बसतात, पण सांधा निसटलेला असतो तो साधारण आजोबा-पणजोबांच्या वर एक-दोन पिढ्या, जिथे घरात कोणाला प्रत्यक्ष आठवत नाही आणि छापील कागद नुकताच कुठे सुरू झालेला असतो.

आधी वहीवर हिशोब

याला शून्य रुपये लागतात आणि निम्मे वाद इथेच मिटतात. प्रत्येक नावापुढे अंदाजे जन्मसाल टाका. बाप-मुलात सरासरी पंचवीस ते तीस वर्षं धरा, म्हणजे १७५० ते १९५० या काळात सात-आठ पिढ्या यायला हव्यात. चारच असतील तर मधले कोणीतरी गळलेत, बारा असतील तर कोणीतरी भावांना एकाखाली एक बाप-लेक म्हणून लिहिलंय. जुन्या याद्यांमध्ये नावं ओळीने लिहिलेली असायची, नक्कल करणाऱ्याने मधे रेघ ओढली की भावाचा मुलगा झाला.

मग साल बदलून बघा, कारण चुका इथे ढिगाने होतात. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली, नुसते ७८ मिळवलेत तर १७६० येईल आणि लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन (अरबी आकड्यांत लिहायची जुनी कालगणना) असतो, तो अक्षरी आणि उलटा लिहितात, "इहिदे सितैन मया व अलफ" म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, झाले ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीनंतर ६००, म्हणजे वर्ष १७६०-६१ आणि पानिपत त्यातच बसतं. मराठवाड्यातल्या निजामाच्या कागदांवर फसली (महसुलासाठीचं साल) असते, तिथे साधारण ५९०, फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. कोणी फसली साल शुहूर समजून बदललं असेल तर नऊ-दहा वर्षांचा फरक पडतो. मुलापेक्षा आठ वर्षांनी मोठा बाप हा बऱ्याचदा असाच जन्माला आलेला असतो.

आणि हो, शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर तिच्यावर काही उभारू नका. अर्ध्या महाराष्ट्राचे आजोबा १ जूनला जन्मलेत, गुरुजींच्या कृपेने.

मग नावं

आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे एक पिढी सोडून तेच नाव येतं. नाना फडणवीसांचं घर बघा, आजोबा बाळाजी महादेव, वडील जनार्दन बाळाजी, आणि नाना स्वतः बाळाजी जनार्दन. आता कल्पना करा की तुमच्या कागदावर नुसतं "बाळाजी" लिहिलंय. दोन बाळाजी एकत्र झाले की मधला जनार्दन गायब होतो, आजोबांची मुलं आणि नातवाची मुलं एकाच ओळीत भाऊ म्हणून बसतात आणि मग एका शाखेला दोन मुलं आठवतात, दुसरीला पाच. माझ्या पाहण्यात तरी मूळ पुरुषाच्या वादाचं सगळ्यात कॉमन कारण हेच, म्हणून प्रत्येक माणूस बापाच्या नावासकटच लिहायचा, नुसतं नाव कधीच नाही.

याच्या उलटही होतं, एकाच माणसाचे दोन होतात. नारो म्हणजे नारायण, मोरो म्हणजे मोरेश्वर, राघो म्हणजे रघुनाथ, विसाजी म्हणजे विश्वनाथ. बल्लाळ हे वेगळं कोणी नाही, बाळाजीच, बाजीराव बल्लाळ म्हणजे बाळाजीचा मुलगा बाजीराव. एका घरात कोणीतरी बल्लाळला आडनाव समजून त्याची वेगळी शाखा काढून ठेवली होती. त्यात घरात सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून सुना त्याच नावाच्या पोराला नाना, तात्या, अप्पा, दादा म्हणत आणि तेच नाव पुढे कायम होई. म्हाताऱ्या माणसांना विचारताना "तात्यांचं पाळण्यातलं नाव काय" हे विचाराच.

बायकांचं तर विचारू नका, माहेरचं नाव एक, सासरचं एक, आणि वंशावळीत दोन्ही नाही. पण एका बापाच्या दोन बायका असतील तर कोणती शाखा कोणाची हे त्या बायकांच्या माहेरावरूनच सुटतं, म्हणून माहेरचं गाव आणि आडनाव मिळेल तिथून टिपून ठेवा.

आडनाव आणि गोत्र सारखं आहे म्हणून भाऊबंद, हे अजिबात धरू नका. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही वतनं (वंशपरंपरेने चालणारे हुद्दे) होती, पाटील-कुलकर्णी गावागावाला आणि देशमुख-देशपांडे परगण्याला, म्हणजे गावांच्या गटाला. चित्पावनांची गोत्रं एकूण चौदा आणि आडनावं शेकड्यांनी, तेव्हा गोत्र जुळणं ही काय मोठी गोष्ट नाही.

फोन करून विचारायच्या गोष्टी

दोन्ही शाखांतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला फोन लावा आणि मूळ पुरुष कोण हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर पाठ केलेलं असतं. हे विचारा.

सुतक कोणाकोणाचं धरता? सात पिढ्यांच्या आतल्या भाऊबंदांचं दहा दिवस, त्यापलीकडे तीन दिवस असा रिवाज बऱ्याच घरांत होता. कोणी म्हणालं की "त्यांचं आम्ही तीन दिवस धरायचो, आजी असेपर्यंत" तर त्या घराला नातं माहीत होतं आणि ते किती लांबचं तेही माहीत होतं. हा पुरावा मला कुठल्याही टाइप केलेल्या वंशावळीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण तो कोणी तुमच्या वादासाठी तयार केलेला नसतो.

त्यांच्यात आपली मुलगी दिलीय का, किंवा त्यांची केलीय का? सोयरीक झाली असेल आणि कोणी हरकत घेतली नसेल तर त्या वेळच्या वडीलधाऱ्यांच्या हिशोबाने ते भाऊबंद नव्हते. संपलं, निदान त्या बाजूने तरी.

देवघरातले टाक कुठले, देवक काय, कुलदैवत कुठलं, गोंधळ की जागरण? हे जुळलं तर आधार मिळतो पण यावर एकट्यावर निकाल देऊ नका, खंडोबा अर्ध्या महाराष्ट्राचा आहे. गोव्याकडच्या मंडळींनी देवाचं आजचं ठिकाण आणि मूळ ठिकाण दोन्ही विचारायचं, पोर्तुगीजांच्या काळात मंगेशी कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळोशीहून फोंडा भागात हलली, त्यामुळे मूळ गाव शोधताना लोक चुकीच्या तालुक्यात फिरत बसतात.

आता कागद, तालुक्याच्या पातळीवर

इथून थोडे पैसे आणि भरपूर पेशन्स लागतो.

शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा सोपा, गावच्या झेडपी शाळेत अर्ज केला की मिळतो. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतं, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बरेचदा नसतंच, नुसतं "मुलगा" आणि बापाचं नाव, पण मृत्यूची तारीख मिळते आणि तीच खरी कामाची, कारण एकाच नावाची दोन माणसं वेगळी करायची असतील तर त्यांची मरणं वेगळी करावी लागतात. आजोबा गोविंदा आणि नातू गोविंदा, दोघांच्या मृत्यूच्या नोंदी सापडल्या की भांडायला काही उरत नाही.

मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या कागदावरचं नाव बदलल्याची नोंद. सातबाऱ्यावर वर्तुळात जे नंबर असतात ते फेरफारांचे, एकेक काढत मागे मागे जायचं. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आपले अभिलेख पोर्टलवर स्कॅन करून ठेवलेत, तिथे आधी बघा, नसतील तरच तहसीलला जा. जमिनीचे तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले, त्यामुळे साखळी तिथे तुटल्यासारखी वाटेल, घाबरू नका, जुन्या-नव्या नंबरांचा उतारा भूमी अभिलेखच्या ऑफिसात मागा.

आता ज्या ओळीने मी सगळ्यात जास्त भांडणं झालेली पाहिलीत ती ओळ साधारण अशी असते: "खातेदार रामा बिन गोविंदा मयत, सबब वारस मुलगा गोविंदा रामा ए.कु.मॅ. यांचे नावे दाखल." थोरली शाखा हा कागद नाचवते की बघा, रामाला एकच मुलगा, तुमच्या खापरपणजोबाचं नाव कुठेय? अरे पण ते ए.कु.मॅ. वाचा ना. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे घरात आणखी कोणी, बहुधा भाऊच, होते म्हणून तर याला मॅनेजर म्हणून लावलंय, एकटाच असता तर हे लिहायची गरजच नव्हती. धाकट्या भावांची नावं पुढे वाटणीच्या फेरफारात येतात, वीस-तीस वर्षांनीसुद्धा, ती मिळेपर्यंत शोधायचं. तसंच अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, पोरगं लहान होतं म्हणून आईचं किंवा चुलत्याचं नाव लागलंय. तिथे चुलत्याला बाप समजून बसलेली एक अख्खी वंशावळ मी पाहिलीय, छापून, फ्रेम करून.

बिन आणि वलद म्हणजे मुलगा, कोम आणि जोजे म्हणजे बायको. मुलींची नावं जुन्या वारस नोंदीत बहुधा नसतात, असलीच तर सातबाऱ्याच्या "इतर हक्क" या रकान्यात, त्यामुळे "नोंद नाही म्हणजे मुलगी नव्हती" असं म्हणायचं नाही.

एकाला दोन बाप असतील तर

बहुतेक वेळा दत्तक. आणि दत्तक असेल तर दोन्ही शाखा बरोबर असतात, एक जन्माने सांगते आणि एक कायद्याने. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना घ्या, जन्माने कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ मध्ये दत्तक आले आणि शाहू झाले. बडोद्याचे सयाजीराव कवळाण्याचे गोपाळराव होते, १८७५ मध्ये दत्तक गेले. नाव बदलतं, बाप बदलतो, कधी गावही. राजघराण्यात हे सगळ्यांना माहीत असतं, तुमच्या-आमच्या घरात दोन पिढ्यांत विसरलं जातं किंवा मुद्दाम बोललं जात नाही. खुणा बघा: निपुत्रिक चुलत्याच्या मालमत्तेवर अचानक पुतण्या मुलगा म्हणून येतो, मूळ बापाच्या वाटणीत तो नसतो, आणि नाव मोठेपणी बदललेलं असतं. दत्तकपत्र रजिस्टर केलेलं असेल तर दुय्यम निबंधकांकडे मिळू शकतं, पण जुनी दत्तकविधानं नुसती होम करून, पंच बसवून झालेली असत, कागद नसला म्हणजे दत्तक नव्हता असं नाही. वंशावळीत दोन्ही रेघा काढा, जन्माची तुटक आणि दत्तकाची सलग, आणि बाजूला साल लिहा. माझ्या मते एवढं केलं की निम्म्या घरांतला वाद तिथेच थंड होतो. उरलेल्यांचा वाद वंशाचा नसतोच, जमिनीचा असतो.

तीर्थोपाध्याय, हेळवी, कुलवृत्तांत

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथल्या उपाध्यायांकडे नामावळी असतात, गाव आणि आडनाव सांगितलं की आपल्या घराण्याचा उपाध्याय कोण ते कळतं. जो यात्रेला गेला त्याने स्वतः जिवंतपणी भावांची, मुलांची, बापाची नावं लिहून किंवा सांगून ठेवलेली, म्हणून त्याची किंमत. पण सगळ्यात जुनी नोंद बघायची, सगळ्यात नवी नाही. वाद सुरू झाल्यावर एखादा भाऊबंद जाऊन आपल्या सोयीची वंशावळ लिहून येऊ शकतो आणि पुढच्या वेळी तीच पुरावा म्हणून दाखवतो. शाई, अक्षर, वही नवी उतरवलेली आहे का, सगळं विचारा. फोटो काढायच्या आधी परवानगी घ्या आणि दक्षिणा द्या, लोक तिथेही घासाघीस करतात.

कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात हेळवी, म्हणजे वंशावळी सांगणारे भटके लोक, येतात आणि घराण्याच्या पिढ्या बोलून दाखवतात. त्या पिढ्यांपेक्षा दोन्ही शाखांकडे तोच हेळवी येतो का हे विचारणं मला जास्त उपयोगी वाटतं.

छापील कुलवृत्तांताबद्दल, म्हणजे एकेका घराण्याच्या माहितीच्या पुस्तकांबद्दल, एवढंच की ते पत्रं पाठवून, माहिती मागवून केलेले असतात. ज्या शाखेने उत्तरच पाठवलं नाही ती त्यात पुढे वाढत नाही. "निर्वंश" आणि "माहिती नाही" या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, नक्कल करताना तो पुसला जातो.

मोडी आणि पुणे

इथपर्यंत सुटलं नाही तर पुराभिलेखागार, पुण्याचं पेशवे दफ्तर किंवा १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ. घराण्याला इनाम असेल तर इनाम कमिशनची कागदपत्रं बघा, १८५२ च्या कायद्याने इनामाची चौकशी झाली तेव्हा लोकांना आपला हक्क पिढीवार दाखवावा लागला. मात्र लक्षात ठेवा, ती वंशावळ जमीन वाचवायला दिलेली होती, तेव्हाही लोक हुशारच होते.

गाव, परगणा, इनामाचा प्रकार आणि अंदाजे साल हातात नसेल तर जाऊच नका, नुसतं आडनाव घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी तसाच परत येतो.

डीएनए

सगळ्यात महाग आणि लोकांना वाटतं तितकं उपयोगी नाही. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो, त्यामुळे दोन्ही शाखांतला सलग पुरुष वंशातला एकेक माणूस लागतो. जुळला तर कोणीतरी सामाईक पुरुष पूर्वज आहे एवढंच कळतं, तो मूळ पुरुष, त्याचा भाऊ की त्याचा आजा, हे नाही. नाही जुळला तर मधे दत्तक असू शकतो, म्हणजे परत कागदांकडेच. दुसरी ती सगळ्या नातेवाइकांची टेस्ट, तिच्यात सख्खे चुलत भाऊ साधारण साडेबारा टक्के जुळतात, त्यांची मुलं एकमेकांशी तीन टक्क्यांच्या आसपास, त्यांच्याही मुलांत काही जोड्या शून्य येतात. आणि पिढ्यानपिढ्या मामाची मुलगी करणाऱ्या, ठरावीक घरांतच लग्नं होणाऱ्या समाजात सगळेच एकमेकांचे जरा जास्तच नातेवाईक दिसतात. पाच-सहा पिढ्यांवरचा वाद यातून सुटत नाही.

कुठे थांबायचं

वादात जमीन, घर, वाटणी आली की तुमचं संशोधन बंद आणि वकील सुरू. फेरफाराने मालकी ठरत नाही, तो महसुलासाठी असतो, हे कोर्टांनी वारंवार सांगितलंय, त्यामुळे तुम्ही जमवलेली साखळी कितीही सुंदर असली तरी तिच्यावर स्वतःच निकाल देऊ नका. कोणी म्हणालं "जरा या वंशावळीच्या अॅफिडेव्हिटवर सही कर, फॉर्मॅलिटी आहे" तर वाचल्याशिवाय पेन हातात घ्यायचं नाही. जात पडताळणीसाठी चाललं असेल तरीही जाणकार वकिलाला दाखवूनच कागद द्या, एक चुकलेलं नाव पुढच्या सगळ्या भावंडांना नडतं.

डीएनएमधून जवळच्या पिढीचं, म्हणजे हयात माणसाच्या बापाचं काही निघालं तर ग्रुपवर टाकू नका, त्या माणसाला विचारल्याशिवाय कोणालाच सांगू नका. पोरगं कोणाचं हा प्रश्न कोर्टात गेला तर लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल औरस, म्हणजे नवऱ्याचंच, धरायचं हा नियम आधी येतो, टेस्ट सरसकट होत नाही.

जुना कागद फाटत असेल तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप तर नाहीच नाही, तो डिंक कागद खातो. सपाट ठेवा, फोटो काढा आणि कागद जतन करणाऱ्या माणसाकडे द्या.

आणि मोडी स्वतः अंदाजाने वाचू नका. ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही, शब्द तोडलेले नाहीत, ओळ सलग धावते, आपल्याला जे नाव हवं असतं तेच दिसायला लागतं. शिकलेल्या मोडी वाचकाकडे द्या आणि त्याला वादाबद्दल आधी काहीही सांगू नका. लिप्यंतर ओळीस ओळ मागा, जिथे अक्षर लागत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाकायला सांगा, आणि बापाचं नाव ज्या ओळीत आहे ती ओळ दुसऱ्या वाचकाला स्वतंत्रपणे वाचायला द्या. दोघांचं जुळलं नाही तर ते नाव वंशावळीत पेन्सिलनेच राहू द्या.